थंडीची चाहूल घेणारी प्रथिने

ऐन हिवाळ्यात सकाळी नागपूरच्या इतवारीत खोबरेल तेल घ्यावे, तर ते बहुधा गोठलेले असते. जवसाचे तेल मात्र पातळच राहते. खोबरेलातील मेदाम्ले मुख्यतः संपृक्त. त्यांच्या सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून बसतात. जवसातील मेदाम्लांत दुहेरी बंध असतात. त्यामुळे साखळीला बाक येतो व ती दाटीने रचली जात नाही. जिवाणू थंडीत कसे तगतात, हे समजण्याची किल्ली याच फरकात होती.

० अंश सेल्सिअसलाही काही जिवाणू वाढतात, हे फोर्स्टर यांनी १८८७ साली माशांवरील प्रकाशमान जिवाणूंबाबत नोंदवले. पुढे १९६२ मध्ये मार व इन्ग्रॅहॅम यांना आढळले, की ई. कोलाय जिवाणू जितक्या कमी तापमानाला वाढवावेत, तितकी त्यांच्यातील असंपृक्त मेदाम्ले वाढतात. असे का व्हावे? १९७२ मध्ये सिंगर व निकल्सन यांनी पेशीपटलाचे चित्र मांडले : मेदाचा प्रवाही थर आणि त्यात तरंगणारी प्रथिने. अन्न आत घेणारी, ऊर्जा मिळवून देणारी प्रथिने याच थरात असतात. थर घट्ट झाला, की त्यांचे काम अडते. म्हणून जिवाणू थराची प्रवाहिता टिकवून धरतो, हे सिनेन्स्की यांनी १९७४ मध्ये दाखवले.

पण थंडी पडली, हे जिवाणूला कळते कसे? हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत रे, शिवाजी व सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकातील स्यूडोमोनास सिरिंजी हा जिवाणू अभ्यासला. तापमानानुसार त्याच्या पटलातील काही प्रथिनांवर फॉस्फेट जोडले जाण्याचे प्रमाण बदलते, असे त्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केले. २००१ मध्ये अर्जेंटिनातील दे मेंडोझा यांच्या गटाने बॅसिलस सबटिलिसमधील डेस-के या पटल-प्रथिनाचे कार्य उलगडले. थंडी पडताच ते दुसऱ्या प्रथिनाकडे फॉस्फेट सोपवते. त्यातून मेदाम्लांत दुहेरी बंध निर्माण करणाऱ्या विकराचे जनुक जागे होते. म्हणजे पटलातील प्रथिनच तापमापक ठरते!

विद्यार्थ्यांना हे सांगताना फ्रिजची आठवण जरूर द्यावी. ४ अंशांना बहुतेक जिवाणू मंदावतात, सगळे थांबत नाहीत. लिस्टेरियासारखा रोगकारक तेथेही हळूहळू वाढतो. अन्न थंड आहे, एवढ्यावरून ते सुरक्षित ठरत नाही.