क्लच आणि डावा हात

घोडेस्वाराच्या डाव्या हातात लगाम आणि उजव्या हातात हत्यार, हे आपण चित्रांत आणि पुतळ्यांत इतक्या वेळा पाहिलेलं असतं की त्यात काही विशेष वाटत नाही. मोटरसायकलीत उजव्या हाताकडे ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक गेला, डाव्याच्या वाट्याला क्लच आला. अर्थात हे पहिल्यापासून ठरलेलं नव्हतं. अमेरिकेत हार्लेवर कित्येक वर्षं क्लच पायाने दाबायचा आणि गिअर हाताने टाकायचा अशी रीत होती. पुढे मात्र डावा हात म्हणजे क्लच हे समीकरण जगभर पक्कं झालं.

ज्यांनी कधी मोटरसायकल चालवली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. (आमच्या नातेवाईक मंडळींत असे बरेच आहेत, त्यांनी कंटाळू नये!) इंजिन सुरू झालं की ते फिरतच राहतं, पण चाक काही सतत फिरायला नको असतं. मग दोघांमध्ये चकत्यांची एक चवड असते. निम्म्या चकत्या इंजिनाच्या बाजूच्या, निम्म्या चाकाच्या. स्प्रिंगा त्यांना घट्ट दाबून धरतात तोवर इंजिन आणि चाक यांची गट्टी. आपण लिव्हर ओढली की स्प्रिंगांचा दाब सुटतो, चकत्या सैल होतात आणि दोघांची कट्टी. त्या स्प्रिंगांशी झुंजायचं काम डाव्या हाताच्या चार बोटांचं. आणि हाताचा जोर तिथवर नेते ती वायर. नळीच्या आत सरकणारी ही तार अर्नेस्ट बाउडेन नावाच्या माणसाच्या नावाने ओळखली जाते. त्याने १८९६ साली तिचं पेटंट घेतलं. सायकलच्या ब्रेकपासून मोटरसायकलच्या क्लचपर्यंत सगळीकडे तीच.

आता मुद्दा असा, की ही चार बोटं कुणाची असतील असं गाडी बनवणाऱ्याने धरलं होतं?

आपल्याकडे मद्रासला १९५५ साली एन्फिल्ड इंडिया स्थापन झाली ती मुख्यतः लष्कराच्या मागणीमुळे. म्हणजे बुलेट ही आधी जवानांची आणि पोलिसांची गाडी. राजदूत १९६२ च्या सुमाराची, मूळ पोलंडच्या गाडीवरून एस्कॉर्ट्‌सने केलेली. ती पुढे दूधवाल्यांची, ग्रामसेवकांची झाली. १९६१ पासून म्हैसूरला तयार होणारी जावा मात्र मला नेहमी हुशार गाडी वाटत आली. तिची किक आणि गिअरचा दांडा एकच, आणि चालत्या गाडीत तो दांडा पायाने दाबला की क्लच आपोआप सुटायचा. हाताने लिव्हर ओढलीच पाहिजे असं नाही. गाडी जागेवरून हलवताना हात लागायचा, बाकी पायावर भागायचं. इतकी सोय साठ वर्षांपूर्वी म्हैसूरहून येत होती, हे आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

मी १९७४ साली वेल्ह्याकडे शिक्षक म्हणून गेलो. तेव्हा नसरापूरहून मार्गासनीमार्गे वेल्ह्याला दिवसातून मोजक्या एस.टी. यायच्या आणि पुढे गुंजण मावळातल्या, कानंद खोऱ्यातल्या वाड्यांना पायीच जायचं. आजारी माणूस डोलीतून खाली आणत. अशा मुलखात ज्याच्याकडे मोटरसायकल तो मोठा माणूस. आमच्या शाळेतल्या एका सरांकडे जावा होती. भोरला काम निघालं की त्यांच्या मागे बसायला आमच्यात चढाओढ लागे. पावसाळ्यात ते सर लाल चिखलातून गाडी काढत ते पाहण्यासारखं असे. पहिल्या गिअरमध्ये, अर्धा क्लच धरून, पाय दोन्हीकडे टेकत टेकत. अशा वेळी पायाचा क्लच उपयोगी नाही, कारण पाय चिखलात. तिथे डावा हातच लागतो, आणि तोही अर्धवट दाबून धरलेला. नुसता दाबून सोडण्यापेक्षा अर्धा धरून ठेवणं किती तरी अवघड. बादली उचलून ठेवणं वेगळं आणि ती हातात धरून उभं राहणं वेगळं, तसंच ते.

त्या काळात मोटरसायकलवर पुढे बसलेली बाई मी भोर-वेल्ह्यात पाहिली नाही. पुण्यात मात्र चित्र बदललं ते लुनाने. १९७२ साली कायनेटिकची लुना आली आणि थोड्याच वर्षांत बँकेतल्या, शाळेतल्या बायका, कॉलेजच्या मुली तिच्यावर दिसू लागल्या. लुनाला क्लचची लिव्हर नव्हती. मग १९८४ साली कायनेटिक होंडा आली, तिलाही क्लच नाही, गिअरही नाहीत. जपानात होंडाने १९५८ साली सुपर कब काढली तेव्हाही विचार असाच होता, की सोबा म्हणजे तिकडच्या शेवया घरपोच देणाऱ्या पोऱ्याला एका हातात खाणं धरून दुसऱ्या हाताने गाडी चालवता यावी. म्हणून तिला आपोआप चालणारा क्लच. गिअरचं काम पायाकडे.

बायकांना गाडी मिळाली ती क्लच काढून टाकल्यावर, असं मी गमतीने म्हणतो. पण त्याची दुसरी बाजू अशी, की क्लच असलेली गाडी पुरुषांचीच राहिली आणि तिची लिव्हर पुरुषाच्या पंजाच्या मापाची राहिली. शहरात त्याने फारसं बिघडत नाही. वेल्ह्यात बिघडतं.

माझी नात पशुवैद्यक आहे. भोर-वेल्ह्यातल्या धनगरवाड्यांवर आणि तोरण्यापलीकडे केळदच्या अंगाला तिची रोजची फेरी असते. स्कूटर तिथे चालत नाही. बुड दगडाला लागतं आणि उतारावर इंजिनाने गाडी रोखून धरता येत नाही. म्हणून तिने दोनेक वर्षांपूर्वी डोंगरात चालणारी उंच मोटरसायकल घेतली. (कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.) आणि गेल्या पावसाळ्यात तिचा डावा पंजा संध्याकाळी बधिर होऊ लागला.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. गाय गाभण आहे का ते तपासायला हात आत घालतात तो बहुतेक जण डावाच. कृत्रिम रेतनातही डावा हात आत आणि उजव्यात नळी. आतल्या दाबाने तो हात आधीच पिळून निघालेला असतो. त्यात चढावर अर्धा क्लच. डॉक्टरांनी तिला विश्रांती सांगितली, आणि हे असंच चाललं तर लांबच्या वाड्या सोडाव्या लागतील असं ती एक दिवस घरी बोलून गेली. तिथे दुसरं कुणी सहज पोचत नाही हे आम्हा सर्वांना माहीत होतं.

बाजारात हलकी ओढणाऱ्या लिव्हर मिळतात. तिने दोन पाहून ठेवल्या होत्या. "आजोबा, तुम्ही शाळेत तरफ शिकवायचात ना? मग यातली कुठली घेऊ सांगा," म्हणाली. मी मूळचा मराठी-इतिहासाचा मास्तर, पण लहान शाळेत सगळंच शिकवावं लागतं, त्यामुळे तरफ माझ्या तोंडपाठ. क्लचची लिव्हर पुस्तकातल्या तीन प्रकारांत नीट बसत नाही, कारण ती वाकडी तरफ आहे. पण नियम तोच. टेकूपासून बोटापर्यंतचं अंतर भागिले टेकूपासून वायरीपर्यंतचं अंतर. तिच्या लिव्हरवर टेकूपासून बोट १२० मिलिमीटर आणि वायर ३० मिलिमीटर भरली, म्हणजे जोर चौपट. जी सर्वांत हलकी म्हणून विकत होते तिच्यात हे अंतर २५ होतं, म्हणजे जोर जवळपास पाचपट. मग तीच का नको?

कारण तरफ फुकट काही देत नाही. बोटं ६० मिलिमीटर सरकली तर जुन्या लिव्हरने वायर १५ मिलिमीटर ओढली जायची, या नव्या लिव्हरने साडेबाराच. चकत्या पुऱ्या सुटायला बारा लागत असतील आणि वायरीत थोडी ढील असेल, तर क्लच पूर्ण दाबूनही कट्टी अर्धवटच. गाडी पुढे रेटत राहते, न्यूट्रल सापडत नाही, चकत्या घासून तापतात. पाबे घाटाच्या वळणावर हे नको. इंजिनाच्या बाजूचा दांडा लांब करून मिळणाऱ्या सोयीचंही गणित हेच. काही जण स्प्रिंगाच नरम घालतात. त्याने हात सुखावतो, पण चढावर क्लच घसरतो. आणि पुण्याची पोरं ज्या आखूड, चकचकीत लिव्हर लावतात त्यांत बोटं टेकूजवळ येतात, म्हणजे उलट जास्त जोर.

माझ्याकडे एक ताणकाटा आहे. तो लिव्हरच्या टोकाला अडकवून पाहिलं तर ९ किलो भरले. भोरच्या मिस्त्रीने वायर काढली तेव्हा दिसलं की हँडलपाशी ती दुमडून बसलेली आणि आत गंजलेली. नवी वायर, नीट वळण देऊन, आत तेल सोडून बसवली आणि काटा साडेसातवर आला. एक पैशाची लिव्हर न घेता दीड किलो! मग २७ मिलिमीटरवाली लिव्हर घेतली, जिची मुठीपासूनची लांबीही स्क्रूने कमी करता येते. नातीची बोटं पहिल्यांदा पुरी पोचली. काटा पावणेसात. वायर साडेतेरा ओढली जाते, म्हणजे ढिलीला जागा उरली.

बसवल्यावर आम्ही पाबे घाटात गेलो. मी गाडीने मागे. ती चढावर थांबली, क्लच दाबून पहिला गिअर टाकला, गाडी जागची हलली नाही. तीनदा करून पाहिलं. इंजिन चांगलं तापल्यावर परत एकदा.

मूळची लिव्हर तिने हत्यारांच्या पिशवीत ठेवली आहे, पडल्यावर मोडली तर असावी म्हणून. नव्या लिव्हरचा पट्टा मिस्त्रीने मुद्दाम जरा सैल आवळला, म्हणजे गाडी पडली तर लिव्हर मोडायच्या ऐवजी फिरेल. परवा केळदला एक म्हैस अडली होती, रात्री अकराला निघून पहाटे परत आली. रेडी झाली. हात दुखला का विचारलं तर म्हणाली, दुखला, पण म्हशीने.