हिवाळ्यात जुनी बोट स्वस्त का मिळते? आणि पूर्ण पैसे कधी द्यायचे?

डिसेंबर-जानेवारीत अमेरिकेच्या मिशिगन राज्यात घरांच्या मागे आणि मोकळ्या यार्डांत पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेल्या बोटी दिसतात. कोकणात पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. फक्त इथं भीती गोठणाऱ्या पाण्याची असते.

यातल्या बऱ्याच बोटी विकायच्या असतात. जूनमध्ये एक डॉलर कमी न करणारा मालक जानेवारीत घासाघीस करायला तयार होतो. पण स्वस्तात मिळालेली बोट एप्रिलमध्ये पाण्यात उतरवली आणि इंजिनच फुटलेलं निघालं तर? त्यामुळे हिवाळ्यातला सौदा करण्याआधी काही गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

किंमत का उतरते?

मिशिगन, मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि कॅनडातलं ओंटारिओ या पट्ट्यात बोटीचा हंगाम साधारण मे ते सप्टेंबर असतो. उरलेले महिने बोट नुसती उभी राहते. पण यार्डाचं भाडं, विमा आणि कर्जाचा हप्ता सुरूच असतो.

दुसरं कारण बोट शोचं. डेट्रॉइट, मिनियापोलिस, टोरंटो इथं जानेवारीच्या सुमारास मोठे बोट शो भरतात. तिथं नवी बोट घेणारे लोक जुनी बोट डीलरला देऊन टाकतात. डीलरकडे माल वाढतो आणि गिऱ्हाईक मात्र कमी असतं.

या भागातल्या बोटींचा एक खरा फायदाही आहे. ही तळी गोड्या पाण्याची आहेत. समुद्रात चाललेल्या बोटीच्या इंजिनाला खारं पाणी जसं खातं, तसा त्रास इथं होत नाही.

तिसरं कारण मात्र विकणारा सहसा सांगत नाही. हिवाळ्यात बोट पाण्यात चालवून बघता येत नाही. म्हणजे मिळणाऱ्या सवलतीचा काही भाग हा गिऱ्हाईकानं अंगावर घेतलेल्या जोखमीचा मोबदला असतो.

थंडी बोटीचं नेमकं काय करते?

पाणी गोठलं की त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. बोटीची बरीच इंजिनं तळ्यातलंच पाणी आत ओढून थंड राहतात. हिवाळ्याआधी ते पाणी काढून टाकलं नाही, तर बर्फ आतून दाब देतो आणि लोखंडी इंजिन ब्लॉकला तडा जातो. त्यासाठी कडाक्याच्या थंडीची एखादी रात्रही पुरेशी असते.

म्हणून हंगाम संपला की 'विंटरायझेशन' करतात. इंजिनातलं पाणी काढायचं, पाइपांमध्ये न गोठणारं गुलाबी अँटिफ्रीझ भरायचं, पेट्रोलमध्ये ते खराब होऊ नये म्हणून स्टॅबिलायझर टाकायचं आणि बॅटरी काढून ठेवायची. हे काम कुणी केलं आणि कधी केलं, याची पावती मागणं ही पहिली पायरी. 'मी घरीच केलंय' असं उत्तर आलं तर ते खोटंच असेल असं नाही, पण मग इंजिनाची तपासणी जास्त बारकाईनं करावी लागते.

बर्फातही काय तपासता येतं?

• इंजिन ऑइल: डिपस्टिक काढून बघायची. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलेलं असू शकतं.

• गिअरचं तेल: प्रोपेलरजवळच्या गिअरच्या भागाला खाली एक स्क्रू असतो. मालकाच्या परवानगीनं मेकॅनिककडून तो सैल करून घ्यायचा. आधी पाणी किंवा दुधाळ तेल आलं, तर सील गेलेलं आहे. तेच पाणी गोठून गिअरचं कवच फोडू शकतं.

• ट्रान्सम: म्हणजे बोटीची मागची भिंत. प्लॅस्टिकच्या हातोडीनं हलकेच ठोकल्यावर टणक आवाज यायला हवा. बद्द आवाज आला तर आतलं लाकूड कुजलेलं असण्याची शंका घ्यावी.

• कॉम्प्रेशन टेस्ट: इंजिनाच्या सिलिंडरमधला दाब मेकॅनिक जमिनीवरही मोजू शकतो.

एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. फायबरग्लासमध्ये मुरलेली ओल मोजायचं यंत्र गोठणबिंदूखाली भरवशाचं राहत नाही, कारण आतलं पाणी बर्फ झालेलं असतं. त्यामुळे जानेवारीत आलेला 'कोरडी आहे' असा आकडा पक्का धरायचा नाही.

कागदपत्रं

अमेरिकेत १९७२ च्या अखेरीपासून बनलेल्या प्रत्येक बोटीवर १२ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो. तो मागच्या बाजूला उजवीकडे कोरलेला असतो. हा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक एकच आहे ना, ते बघायचं. त्यासाठी प्लॅस्टिकचं आवरण थोडं उघडावं लागलं तरी उघडायला लावायचं. मिशिगनमध्ये २० फूट किंवा त्याहून लांब बोटीला मालकीचं टायटल लागतं. त्यावर बँकेचा बोजा नाही ना, आणि ट्रेलरची कागदपत्रं वेगळी आहेत का, हेही विचारून घ्यायचं.

मग पैसे कधी द्यायचे?

हिवाळ्यात भाव ठरवायचा, इसार द्यायचा आणि लेखी करार करायचा. त्यात दोन अटी हव्यात: स्वतंत्र सर्व्हेअरची तपासणी आणि बर्फ वितळल्यावर पाण्यात चालवून चाचणी. चाचणीत बोट नापास झाली तर इसार परत मिळेल, हेही स्पष्ट लिहिलेलं असावं.

वसंतापर्यंत थांबायला विकणारा तयार नसेल, तर रकमेचा काही भाग त्रयस्थाच्या खात्यात ठेवून चाचणीनंतर सोडण्याचा पर्याय असतो. सर्व्हेअर मात्र गिऱ्हाईकानं स्वतः निवडायचा, विकणाऱ्यानं सुचवलेला नाही.

आणखी एक हिशेब बरेच जण विसरतात. जानेवारीतच बोट नावावर झाली, तर तेव्हापासून यार्डाचं भाडं, विमा आणि थंडीनं होणारं नुकसान नव्या मालकाच्या माथी येतं. वाचलेल्या पैशांतून हा खर्च वजा केला की सौदा खरंच किती स्वस्त आहे ते कळतं.

यातली एकही अट मान्य न करणारा आणि 'आजच पूर्ण पैसे द्या' म्हणणारा विक्रेता भेटला, तर तो सौदा सोडलेला बरा. मे महिन्यात थोडी महाग मिळाली, तरी ती बोट आधी चालवून बघता येते.