प्रार्थना आणि दिनक्रम : ख्रिस्ती उपासनेच्या इतिहासातील एक धागा

प्रार्थना म्हटली की मागणे, असा अर्थ आपल्या मनात प्रथम येतो. ख्रिस्ती परंपरेत मागणे हे प्रार्थनेचे केवळ एक अंग आहे. स्तुती, उपकारस्मरण, अपराधांची कबुली आणि दुसऱ्यासाठी केलेली विनंती ही तिची इतर अंगे होत. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला याहून निराळा प्रश्न पडतो. प्रार्थना करावयाची कोणी, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि कोणाच्या भाषेत? या साध्या प्रश्नावर दोन हजार वर्षे वाद, सुधारणा आणि क्वचित जुलूमही झाले आहेत.

आरंभ मोठा साधा होता. येशूने शिष्यांना शिकविलेली प्रार्थना अर्ध्या मिनिटात म्हणून होते. तीत मागणे आहे ते एका दिवसाच्या भाकरीचे. आणि क्षमा मागणाऱ्याने आपणही दुसऱ्यास क्षमा केली पाहिजे, अशी तीत अट आहे. म्हणजे प्रार्थनेची सांगड तिथेच रोजच्या वागणुकीशी घातलेली आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराचा मानला जाणारा ‘डिडाखे’ हा छोटा ग्रंथ ही प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणण्यास सांगतो. दिवसातून तीन वेळा प्रार्थनेस उभे राहण्याचा हा परिपाठ मूळचा यहुदी. त्यासाठी मंदिर लागत नसे की पुरोहितही लागत नसे.

पुढे मठ आले. सहाव्या शतकात इटलीतील संत बेनेडिक्ट याने आपल्या मठवासीयांसाठी दिवसाच्या सात आणि रात्रीची एक अशा प्रार्थनेच्या वेळा ठरवून दिल्या आणि मधला वेळ वाचनास व अंगमेहनतीस दिला. श्रमाला उपासनेच्या शेजारी बसविणारी ही योजना थोर होती, यात संशय नाही. पण तिचा एक परिणाम असाही झाला की, प्रार्थना हे मठातल्या लोकांचे खास काम ठरले. स्तोत्रे लॅटिनमध्ये, शेतकऱ्याला ना लॅटिन येई, ना वाचता येई. त्याच्या वाट्याला आले ते घंटेचा नाद ऐकून हातातले काम थांबविणे आणि माळेचे मणी ओढीत पाठ असलेल्या प्रार्थना म्हणणे. याला हसण्याचे कारण नाही. ज्याच्यापाशी पुस्तक नाही त्याची माळ हीच पोथी असते, हे आपल्या वारकऱ्यांना सांगावयास नको.

भाषेचा बांध फुटला तो सोळाव्या शतकात. इंग्लंडमध्ये आर्चबिशप क्रॅन्मर याने 1549 मध्ये इंग्रजी प्रार्थनापुस्तक सिद्ध केले आणि मठातील अनेक वेळांच्या जागी सकाळची व संध्याकाळची अशा दोनच उपासना सर्वांसाठी ठेविल्या. पुढच्या शतकात, कॅथलिक पंथातच, पॅरिसच्या कार्मेली मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक साधा सेवक होऊन गेला. हा पूर्वाश्रमीचा शिपाई. मठात त्याच्याकडे स्वयंपाकघर होते, नंतर वहाणा दुरुस्त करण्याचे काम आले. भांडी घासतानाही देव तितकाच जवळ असतो, हे त्याच्या शिकवणुकीचे सार. 1691 मध्ये तो वारला. त्यानंतर त्याची पत्रे व संभाषणे पुस्तकरूपाने निघाली आणि पंथभेद ओलांडून वाचली गेली. मळ्यात विठ्ठल पाहणारा सावता माळी आणि जात्यावर त्याला आळविणारी जनाबाई ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना लॉरेन्सची ओळख निराळी करून देण्याची गरज नाही.

आता आपल्या भूमीकडे वळू. 1579 मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स साष्टी भागात सुमारे चाळीस वर्षे राहिला. त्याचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. ग्रंथाच्या आरंभी प्रसंग असा आहे की, एक ब्राह्मण विचारतो, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? या प्रश्नामागे मोडलेली देवळे आणि जप्त झालेल्या पोथ्या उभ्या आहेत, हे विसरून चालणार नाही. जिथे सक्ती आहे तिथल्या प्रार्थनेचे मोल कसे ठरवावे? तरीही हे मान्य केले पाहिजे की, स्टीफन्सने नव्या ख्रिस्ती माणसाला त्याच्या ओळखीच्या छंदात देवाशी बोलण्याची वाट करून दिली. सत्तेला मात्र ती वाट रुचली नाही. 1684 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की, लोकांनी तीन वर्षांत स्थानिक भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. हुकूम निघाला, घरातली भाषा काही गेली नाही.

दोन शतकांनंतर केडगावी पंडिता रमाबाईंनी हाच प्रश्न स्त्रियांच्या बाजूने सोडविला. दुष्काळातून आणलेल्या मुली व विधवा मुक्तिसदनात शेती, विणकाम व छपाई शिकत. 1905 मध्ये रमाबाईंच्या सांगण्यावरून तेथे मोठ्या संख्येने स्त्रिया रोज प्रार्थनेसाठी जमू लागल्या. जिला घरी-दारी तोंड उघडण्याची मुभा नव्हती, ती तेथे सर्वांदेखत आपल्या शब्दांत देवाशी बोलू लागली. हा फरक धार्मिक खरा, पण तितकाच सामाजिकही होता. अशा स्त्रियांना समजावे म्हणून रमाबाईंनी सबंध बायबल सोप्या मराठीत आणले. 1922 मध्ये त्या गेल्या. ग्रंथ 1924 मध्ये बाहेर पडला.

राहिले रेव्हरंड टिळक. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांना मिशनच्या देवळांतील विलायती चालींची भाषांतरित गीते परकी वाटत. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. म्हणून त्यांनी अभंग आणि भजने रचली. 1919 मध्ये ते वारले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ज्या लक्ष्मीबाई पतीच्या धर्मांतराने काही वर्षे दुरावल्या होत्या, त्यांनीच पुढे ते पुरे केले. प्रोटेस्टंट मंडळींच्या ‘उपासना संगीत’ या पुस्तकात टिळकांची अनेक गीते आहेत. ती रविवारी देवळात म्हटली जातात, तशी चुलीपाशी गुणगुणलीही जातात.

या इतिहासातून एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. प्रार्थनेचे नियम करणारे पुष्कळ झाले, आणि नियमांवाचून सवय टिकत नाही हेही खरे. पण प्रार्थना रोजच्या जगण्यात रुजली ती लॉरेन्सच्या स्वयंपाकघरात, केडगावच्या स्त्रियांच्या तोंडी आणि टिळकांच्या अभंगांत; म्हणजे जिथे माणसाला आपल्या कामाच्या जागी आणि आपल्या भाषेत बोलता आले तिथे. देवाला सर्व भाषा कळतात, असे सर्वच धर्म सांगतात. अडचण असते ती माणसाची. परक्या शब्दांत त्याला स्तुती करता येते. पण आपली चूक कबूल करावयाची आणि शेजाऱ्याला क्षमा करावयाची, तर त्याला आईची भाषाच लागते.