सिल्व्हरटन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कोलोरॅडो राज्याचे खाणकामाकरिता प्रसिद्धीस आलेले एक लहान नगर. लोकसंख्या ६२२ (२०२०). ते राज्याच्या नैर्ऋत्य भागात, सॅन वॉन पर्वतराजीतील ॲनिमस नदीच्या खोऱ्यात, सस. पासून सुमारे २,८४० मी. उंचीवर वसले आहे. सॅन वॉन परगण्याचे हे मुख्य ठिकाण असून परगण्यातील ही एकमेव नगरपालिका होय.

हा प्रदेश मूळचा यूट इंडियनांचा. १८६० मध्ये चार्ल्स बेकर सोन्याच्या शोधार्थ येथे आला; तथापि अल्प सोने, कडक हिवाळा व यूटांचा विरोध यांमुळे हा प्रयत्न फसला. १८६८ च्या तहान्वये हा मुलूख यूटांकडेच राहिला होता; परंतु खाणकऱ्यांचा ओघ वाढल्यावर १८७३ च्या ब्रूनो करारान्वये त्यांना येथील खनिजसंपन्न भूमी सोडावी लागली. लगेच पुढील वर्षी नगराची स्थापना झाली.

जुलै १८८२ मध्ये ड्युरँगोपासून सुमारे ७२ किमी. लांबीचा अरुंदमापी लोहमार्ग येथवर आला. त्यामुळे धातुके ड्युरँगोच्या कारखान्यात गाळण्यासाठी स्वस्तात जाऊ लागली. तसेच धान्य, कोळसा व यंत्रसामग्री वर येऊ लागली. मात्र नगराचे सारे जीवन या एका मार्गावर अवलंबून राहिले. १८८४ च्या हिवाळ्यात हिमस्खलनांमुळे तो दोन महिन्यांहून अधिक काळ बंद पडला व अन्नाची टंचाई निर्माण झाली. ऑटो मिअर्स याने घाटरस्ते व छोटे लोहमार्ग बांधून उंचावरील खाणी नगराशी जोडल्या. १८९३ मध्ये चांदीचे भाव कोसळले, तेव्हा सोने, शिसे व जस्त यांच्या उत्पादनाने नगर तगले. १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाच्या साथीत मात्र सुमारे एक दशांश रहिवासी मृत्युमुखी पडले.

४ जून १९७८ रोजी एमा सरोवराचा तळ खचून त्याचे पाणी सनीसाइड खाणीत घुसले. तो रविवार असल्याने खाणीत कोणी नव्हते व प्राणहानी टळली. १९९१ मध्ये ही खाण बंद झाली आणि खाणकामाचे पर्व संपुष्टात आले. पायराइटाशी हवा व पाणी यांचा संयोग होऊन तयार होणारे अम्ल धातू विरघळविते. हे दूषित पाणी जुन्या बोगद्यांतून नदीस मिळत राहिले. ५ ऑगस्ट २०१५ रोजी गोल्ड किंग खाणीची पाहणी करताना केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेच्या पथकाकडून तिचे तोंड फुटले. आतील पाण्याचा दाब आधी मोजलेला नव्हता. सुमारे १.१ कोटी लिटर पाणी वाहून जाऊन ॲनिमस नदी पिवळी-नारिंगी झाली. खालच्या अंगास न्यू मेक्सिकोतील गावांना व नॅव्हाहो शेतकऱ्यांना याची झळ पोहोचली.

केंद्रीय शुद्धीकरण योजनेत समावेश झाल्यास पर्यटन खालावेल, या भीतीने नगराने तिला दीर्घकाळ विरोध केला होता. या घटनेनंतर मात्र स्थानिक प्रतिनिधींनीच तशी मागणी केली व २०१६ मध्ये परिसरातील खाणक्षेत्र योजनेत समाविष्ट झाले. १९६१ पासून सिल्व्हरटन हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ असून जुन्या लोहमार्गावरील बाष्पएंजिनाच्या गाड्या पर्यटकांचे मुख्य आकर्षण आहेत. ज्या खाणींच्या स्मृतीवर आज नगराचा चरितार्थ चालतो, त्यांचेच पाणी शुद्ध करणे ही त्याच्यापुढील प्रमुख समस्या होय.