सॅन अँटोनिओच्या चौकातील मिरचीचा रस्सा
टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे 1877 साली रेल्वे पोहोचली, आणि आधी गाडीवान, सैनिक व गुराख्यांना जेवू घालणाऱ्या ‘चिली क्वीन्स’कडे, म्हणजे चौकात उघड्यावर खानावळ चालवणाऱ्या मेक्सिकन स्त्रियांकडे, कामानिमित्त फिरणारे विक्रेते आणि वार्ताहरही वळू लागले. अंधार पडताच लांब टेबलांवर कंदील लागत आणि ‘चिली कॉन कार्ने’, म्हणजे वाळलेल्या मिरचीचा गर, जिरे व लसूण घालून रटरटवलेले मांस, वाढले जाई. 1895 मध्ये वृत्तलेखनासाठी आलेल्या अमेरिकी लेखक स्टीफन क्रेनने तिथल्या पदार्थांच्या जहालपणाची नोंद केली. ही चव घडवणाऱ्या बहुतेक स्त्रियांची नावेही इतिहासाने जपली नाहीत, हा मोठाच अन्याय होय. 1930 च्या दशकात आरोग्यविषयक नियमांमुळे त्यांचा धंदा आटत गेला, तर विल्यम गेबहार्टने 1890 च्या दशकात बाजारात आणलेली मिरचीपूड देशभर खपत राहिली.