ड्यूकचे कार्यालय

आमच्या हेडक्लार्कच्या भाच्याचे लग्न इंग्लंडात, एका जुन्या जमीनदारी वाड्यात लागले. फोटो पाहून आमची ही म्हणाली, "अहो, केवढं मोठं कार्यालय!" मी हसलो. मग थोडे वाचले आणि हसू आवरते घेतले.

ऑक्सफर्डजवळचा ब्लेनिम राजवाडाच घ्या. नुसत्या ग्रंथालयाची लांबी १८३ फूट! आमची अख्खी शाखा त्यात कोपऱ्यात मावेल. पण वाडा बांधणे वेगळे नि छप्पर शाकारणे वेगळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धान्याचे भाव पडले, कुळांकडून येणारा खंड आटला, आणि मार्लबरोचे ड्यूक घरातली पुस्तके नि चित्रे विकू लागले. शेवटी नवव्या ड्यूकने आपल्याकडच्या वरपित्यांना सुचावा तो मार्ग धरला. हुंडा घेतला.

मुलगी अमेरिकेतल्या रेल्वेवाल्या कोट्यधीशाची, कॉन्सुएलो व्हँडरबिल्ट. वय अठरा. हुंडा म्हणून बीच क्रीक रेल्वेचे २५ लाख डॉलरचे शेअर, वर चार टक्के लाभांशाची हमी. म्हणजे सालाचे एक लाख डॉलर घरबसल्या! असले तारण आमच्या मॅनेजरसाहेबांनी चहा संपायच्या आत मंजूर केले असते.

मुलीचे मन मात्र दुसऱ्यावर होते. आईने तिला जवळजवळ नजरकैदेत ठेवले. ६ नोव्हेंबर १८९५ रोजी न्यूयॉर्कच्या चर्चमध्ये नवरी वीस मिनिटे उशिरा पोचली. रडून सुजलेले डोळे निवेपर्यंत निघता येईना. वाड्याची डागडुजी झकास झाली. संसार १९०६ सालीच फाटला, १९२१ साली घटस्फोट झाला. पुढे १९२६ साली कॅथलिक धर्मपीठापुढे खुद्द आईनेच जबानी दिली, की होय, जबरदस्ती मीच केली. एवढ्या वर्षांनी! इथे माझ्यातला कारकून टक्केवारी विसरला.

इंग्लंडात चर्चबाहेरचे नोंदणी लग्न पूर्वी बहुतेक सरकारी कचेरीतच लागायचे. १९९४ च्या कायद्याने परवानाधारक जागांना मुभा मिळाली, आणि १९९५ पासून वाडेवाल्यांचे नशीब उघडले. ब्लेनिममध्येही आता परक्यांची लग्ने लागतात. अट एकच, सरकारी विधीत धार्मिक काही चालत नाही. म्हणजे मंगलाष्टके वेगळी, नंतर.

हे सगळे हिला रंगवून सांगितले. ती फोटोतल्या नवरीकडेच बघत होती.

"हसतेय हो पोरगी," ती म्हणाली. "बरं वाटलं. भाडं किती घेतलं?"