६५० एएम

ऑनसाइटला असताना एका रात्री हायवेवर कारचा रेडिओ फिरवत होतो. खरखरीतून अचानक फिडल ऐकू आलं... नॅशव्हिलचं डब्ल्यूएसएम! जुन्या कंट्री गाण्यांचं हे ५० किलोवॉटचं स्टेशन रात्री शेकडो मैलांवर लागतं. (आयनोस्फिअरची कृपा.)

१९२५ मध्ये ते काढलं चक्क एका विमा कंपनीने. म्हणजे एलआयसीने आकाशवाणी काढावी तसं! नावातली इंग्रजी अक्षरंही कंपनीच्या घोषवाक्याची: 'आम्ही लाखोंना संरक्षण देतो'.

१९२७ च्या डिसेंबरात ऑपेराचा कार्यक्रम संपला आणि डीफोर्ड बेलीने माउथ ऑर्गनवर धावती रेल्वे उभी केली. त्यावर निवेदक जॉर्ज हे याने आपल्या शनिवारच्या कार्यक्रमाला गमतीत नाव दिलं, 'ग्रँड ओल ऑप्री'. ते आजही चालू आहे.

बेली हा ऑप्रीचा पहिला कृष्णवर्णीय स्टार. १९४१ मध्ये त्याला काढून टाकलं. पुढे गडी बूट पॉलिश करून जगला. लाखोंना संरक्षण म्हणे!

२००२ मध्ये इथे गाण्यांऐवजी खेळाच्या गप्पा सुरू करायचं घाटत होतं, पण श्रोत्यांच्या ओरडीने बेत बारगळला. बेलीचं नाव कंट्रीच्या हॉल ऑफ फेममध्ये लागलं २००५ मध्ये. तो जाऊन तेव्हा २३ वर्षं झाली होती.